डोक्यावरच्या आवाजाची वही

बडनेऱ्याकडच्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. शाळेच्या वहीचे पान फाडून, दोन्ही बाजूंनी गिचमिड लिहिलेले. ताई लिहितात, "बेलोऱ्याले इमान सुरू झालं. पोट्टे गच्चीवर जाऊन पायतात, टाया वाजवतात. आता तिथं इमान चालवाचं शिकवनारी शाळा येनार म्हनतात. मंग दिवसभर डोक्यावर घुईघुई राहीन का? माही पोरगी यंदा दहावीले हाय. इमानाच्या आवाजानं अभ्यासावर काही परिनाम होते का, हे तुमच्या सदरात लिहा."

आमच्याकडे येणारी पत्रे बहुधा फीची, वसतिगृहाची, दारूची नाहीतर सोयरिकीची. आवाजाबद्दल पत्र येण्याची ही पहिलीच वेळ. ताईंचा प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर शोधायला बसलो तेव्हा आमचीच दमछाक झाली. म्हणून आज सदराची सगळी जागा या एका पत्राला देतो.

आधी आहे ते सांगू. अमरावतीपासून साधारण १५ किलोमीटरवर, यवतमाळ रस्त्याला बेलोरा विमानतळ आहे. धावपट्टी वाढवून १,८५० मीटर केली गेली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे जयंतीनंतर दोनच दिवसांनी, तिथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान पंख्याचे, सत्तर-बहात्तर माणसांचे. फेऱ्या सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. एवढ्या आवाजाने कोणाच्या लेकराची दहावी बुडत नाही, हे ताईंना आधीच सांगून टाकतो. त्यापेक्षा बडनेरा जंक्शनवरून रात्रंदिवस धडधडणाऱ्या मालगाड्या जास्त जागवतात, आणि त्याबद्दल आजवर कोणी आम्हाला पत्र लिहिले नाही.

पण ताईंचे बोट बरोबर जागी आहे. त्यांनी विचारले ते विमान शिकवणाऱ्या शाळेबद्दल. १ जुलै २०२४ रोजी एअर इंडियाने जाहीर केले, की बेलोऱ्याला वैमानिक घडवणारी संस्था उभारायची, तिच्यातून वर्षाला १८० वैमानिक तयार करायचे आणि त्यासाठी ३४ विमाने ठेवायची. ३१ एका इंजिनाची, ३ दोन इंजिनांची. आता थोडे गणित करू. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला २०० तासांचे उड्डाण लागते. १८० गुणिले २०० म्हणजे वर्षाला ३६,००० तास. ३६५ दिवसांत वाटले तर दिवसाला जवळजवळ १०० तास. उजेडाच्या बारा तासांत विभागले तर कोणत्याही क्षणी सरासरी आठ विमाने हवेत. यातली काही लांब जातील, काही तास जमिनीवरच्या यंत्रावर होतील, पावसाळ्यात काही दिवस उड्डाण होणार नाही, हे सगळे खरे. तरी आठवड्यातून तीन फेऱ्या आणि दिवसाला शंभर तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिकाऊ विमानाची आणखी एक सवय असते. नवीन सायकल शिकणारे पोरगे जसे त्याच मैदानात गोल गोल फिरते, तसेच हे. उडायचे, विमानतळाभोवती चौकोनी फेरी मारायची, धावपट्टीला चाके टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचे. ही फेरी साधारण हजार फुटांवरून होते आणि पाच-सहा मिनिटांत पुरी होते. प्रवासी विमान एकदा जाते आणि विसरले जाते. शिकाऊ विमान त्याच घरावरून, त्याच शाळेवरून पुन्हा पुन्हा येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमच्यावर उगाच प्रगतीचे वैरी असा शिक्का बसेल. आमचे विमानाशी भांडण नाही. १९५६ च्या ६ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून मुंबईला विमानानेच आले. सांताक्रूझला उतरलेल्या त्या विमानाची वाट पाहत रात्रभर उभे राहिलेले लोक आपलेच होते. नागपूरच्या विमानतळाला तर बाबासाहेबांचेच नाव आहे. उद्या बेलोऱ्याच्या शाळेतून आपल्या वस्तीतली एखादी पोरगी वैमानिक होऊन निघाली, तर या पानावर तिचा फोटो सगळ्यात मोठा छापू. प्रश्न एवढाच, की विमानात बसणारा एक आणि विमानाखाली राहणारे हजार, या हजारांची नोंद कोण ठेवणार?

नोंद ठेवायची तर माप कळले पाहिजे. आवाजाचे माप डेसिबल. हे माप किलो-लिटरसारखे सरळ चालत नाही, तिथेच भलेभले फसतात. दोन किलो डाळीत दोन किलो डाळ घातली की चार किलो होते. पण ६० डेसिबलच्या आवाजाला तेवढ्याच ताकदीचा दुसरा आवाज मिळाला तर १२० होत नाहीत, ६३ होतात. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट झाली. दहा वाढले म्हणजे दहापट, वीस वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र दहा डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट मोठा झाल्यासारखे वाटते. अंदाजासाठी सांगायचे तर निजलेल्या घरात तीसच्या आसपास, समोरासमोर बसून बोलण्याचा साठ, आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी फिरत असली तर ऐंशी-पंच्याऐंशी. तेव्हा एखादा साहेब सभेत म्हणाला, "फक्त दहाने वाढणार आहे हो", तर त्या 'फक्त'कडे लक्ष ठेवा.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. विमान डोक्यावरून गेले तेव्हा आकडा किती झाला, हे कायदा विचारत नाही. कायदा विचारतो दिवसभराची सरासरी. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, असे दोन भाग करून त्या वेळातला सगळा आवाज सपाट पसरवतात. त्या आकड्याला तांत्रिक भाषेत एल-ईक्यू म्हणतात. सरासरीची लबाडी आपल्या लोकांना वेगळी शिकवायला नको. शेठजीच्या खिशात लाख रुपये आणि त्याच्या दारातल्या मजुराच्या खिशात काही नाही, तर सरासरीने मजूरही पन्नास हजारांचा धनी होतो.

एक मनाने धरलेले उदाहरण घेऊ. समजा एका शाळेवरून दिवसात शंभर वेळा लहान विमान गेले. दर वेळी वीस सेकंद ७० डेसिबलचा आवाज, आणि बाकी वेळ परिसर ४५ डेसिबलवर शांत. सोळा तासांची सरासरी येते सुमारे ५६. कागदावर हा आकडा अगदी गरीब दिसतो. आता तीच शंभर विमाने शाळेच्या सहा तासांतच गेली असे धरा आणि सरासरी फक्त त्या सहा तासांची काढा. आकडा ६० होतो. विमाने तीच, आवाज तोच, फक्त मोजायची वेळ बदलली. आता आकडा सोडून वर्गात बसा. शंभर वेळा वीस सेकंद म्हणजे ३३ मिनिटे, जवळजवळ एक अख्खा तास बुडाला. तोही सलग नाही. दर साडेतीन-चार मिनिटांनी बाईंनी खडू हातात धरून थांबायचे, मग "काय सांगत होते मी?" म्हणत पुन्हा सुरू करायचे. हे थांबणे ५६ या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता कायद्याचे आकडे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा-दवाखान्यांभोवती शांतता क्षेत्र जाहीर झाले असेल तर ५० आणि ४०. पण विमानतळाभोवतीच्या पट्ट्यासाठी केंद्र सरकारने २०१८ च्या जूनमध्ये वेगळी मर्यादा घातली. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणे-उतरणी होणाऱ्या गजबजलेल्या विमानतळाला दिवसा ७०, रात्री ६५. बाकीच्यांना दिवसा ६५, रात्री ६०. म्हणजे लहान विमानतळाच्या पट्ट्यात झोपणाऱ्या माणसाला रात्री ४५ ऐवजी ६०. पंधरा डेसिबलचा फरक, आवाजाच्या शक्तीत तीसपटीहून जास्त. माणूस तोच, कान तेच, झोपही तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी शिफारस केली, तीत विमानाचा आवाज रात्री ४० च्या खाली आणि रात्र-संध्याकाळ जास्त वजनाने धरून काढलेल्या चोवीस तासांच्या सरासरीत ४५ च्या खाली असावा असे सांगितले आहे.

युरोपचा विषय निघाला म्हणून एक गमतीची गोष्ट. तिथल्या २००२ च्या आवाजविषयक निर्देशात मोठा विमानतळ कोणता, हे वर्षाच्या ५० हजार उड्डाणे-उतरणींवर ठरते. मात्र हलक्या विमानांची निव्वळ शिकाऊ उड्डाणे त्या मोजणीतून वगळलेली आहेत. म्हणजे शिकणारा दिवसभर घिरट्या घालत राहिला तरी हिशोबाच्या वहीत तो नाही! आपल्याकडे हिशोब होईल तेव्हा शिकाऊ विमाने त्यात धरली जातात का, हा प्रश्न अमरावतीकरांनी आजच विचारायला हवा.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. अभ्यासावर परिणाम होतो का? होतो, आणि हे अंदाजाने नाही, मोजून दाखवले गेले आहे.

पहिले उदाहरण विमानाचे नाही, रेल्वेचे आहे, पण बडनेरा, मूर्तिजापूर, अकोल्याच्या रुळांकाठच्या वाचकांसाठी मुद्दाम देतो. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या एका बाजूला उंचावरून जाणारी रेल्वे होती. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली एकाच शाळेतल्या दोन बाजूंची मुले तपासली. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात मागे होती, आणि सहावीपर्यंत तर जवळजवळ एका वर्षाने. मग रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या गेल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आच्छादन लावले गेले. १९८१ साली पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. मुले ढ नव्हती. मुले रुळांच्या बाजूला बसली होती.

दुसरे उदाहरण जर्मनीतल्या म्युनिकचे. १९९२ च्या मे महिन्यात तिथला जुना विमानतळ बंद झाला आणि दुसऱ्या जागी नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडची मुले आधीही तपासली होती, नंतरही तपासली. जुन्या जागी आवाज गेला तशी मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्या जागी आवाज आला तसे ते घसरले. आमच्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की त्यांनी आधीच मोजून ठेवले होते. त्यानंतर लंडन, अॅमस्टरडॅम आणि माद्रिद इथल्या मोठ्या विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांमधली ९-१० वर्षांची २,८४४ मुले तपासून २००५ साली अहवाल आला. विमानाचा आवाज वाढत जातो तसे वाचून समजण्याची ताकद कमी होत जाते. इंग्लंडमधल्या मुलांत दर पाच डेसिबलला साधारण दोन महिन्यांचा मागासलेपणा.

ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, जाड भिंत आहे, शिकवणी आहे, त्याचे दोन महिने भरून निघतात. आपल्याकडे एकाच खोलीत चूल, टीव्ही, आजीचा खोकला आणि दहावीचे गणित. परळच्या चाळीत बाबासाहेब शिकत होते तेव्हाही खोली एकच होती. संध्याकाळी लवकर झोपवून वडील रात्री दोन वाजता त्यांना उठवत, कारण तेव्हाच काय ती शांतता. सुभेदार रामजींनी पोराला जागा देता आली नाही म्हणून वेळ दिली. आम्ही ही गोष्ट लहानपणापासून कष्टाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. ताईंच्या पत्रामुळे पहिल्यांदा ध्यानात आले, की ती शांततेचीही गोष्ट आहे.

हे सारे कागदावरचे झाले. डोळ्यांनी पाहिलेले एक सांगतो. आमच्या मावसबहिणीचे सासर वऱ्हाडातलेच, पण चाळीस वर्षांपासून बिऱ्हाड मुंबईत, विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईच्या विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी चालते, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तिथे एकाच दिवसात १,००७ उड्डाणे-उतरणी झाल्या होत्या. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एक. बहिणीच्या घरावर पत्रा. आम्ही चहाला बसलो तर घरातले सगळे बोलता बोलता एकदम थांबत, वर न बघता, हातातली बशी तशीच धरून. विमान गेले की वाक्य जिथे तुटले तिथून पुढे सुरू. बहिणीला आम्ही विचारले, "काहो माय, एवढ्यात झोप लागते का तुमाले?" ती म्हणाली, "सवय झाली आता. कोठं इमान जाते ते मालूमही पडत नाही."

कानाला सवय होते. शरीराला तशी होत नाही. युरोपातल्या सहा मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या प्रौढ माणसांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रात्रीच्या विमानाचा आवाज दर दहा डेसिबलने वाढला तसा उच्च रक्तदाब असण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. झोपलेल्या लोकांच्या दंडाला यंत्र लावून पाहिले तेव्हा विमान गेल्यावर, माणूस जागा न होताही, रक्तदाब चढत होता. बहिणीची रक्तदाबाची गोळी विमानामुळे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या घराण्यात तो आजार तसाही आहे. पण "सवय झाली" हे उत्तर ऐकून गप्प बसायचे आम्ही त्या दिवसापासून सोडले.

अकोल्याच्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे तर विमानच येत नाही, मग आम्हाला हे कशाला? शिवणीचा विमानतळ १९४३ साली, इंग्रजांच्या काळात बांधलेला. धावपट्टी १,४०० मीटर. ती वाढवायची म्हणून कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षे चालला, निवडणूक आली की विमान येते आणि निवडणूक गेली की विमान जाते. आम्हाला यात विनोद दिसतो तसाच एक फायदाही दिसतो. शिवणी-शिवर भागातल्या, एमआयडीसीच्या कामगार वस्त्यांच्या हातात अजून वेळ आहे. म्युनिकच्या लोकांनी जे केले ते अकोल्याला आज करता येईल, कारण आजची शांतता आज आहे. ती लिहून ठेवली नाही, तर उद्या विमाने सुरू झाल्यावर "आधी असा आवाज नव्हता" हे तोंडी सांगावे लागेल, आणि आपले तोंडी कोण ऐकतो? जमिनीचा सातबारा असतो, शांततेचा नसतो.

आता एक कडू घोट. हे लिहीत असताना आम्हाला आमच्याच वस्तीतला एप्रिल आठवला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून आमच्या छातीची फासळी हलली होती, आणि पाळण्यातले लेकरू दचकून रडत होते. तो आवाज विमानाच्या कितीतरी वर होता. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हा नियम त्याच २००० सालच्या कायद्यात आहे, ज्याच्या आधारे आपण विमानतळाला जाब विचारणार. मज्झिमनिकायात चातुमा नावाचे सुत्त आहे. सारिपुत्त आणि मोग्गलान पाचशे भिक्खूंना घेऊन तथागतांच्या दर्शनाला आले आणि जागा लावताना एवढा गलबला झाला, की तथागतांनी आनंदाला विचारले, हे कोण, कोळी मासळी उतरवतात तसा आवाज करतायत? आणि सगळ्यांना परत पाठवले. शाक्यांनी मध्ये पडून विनवणी केली तेव्हा परत बोलावले. काही तरुण वाचक आमच्यावर रागावतील. रागावू द्या. विमानाच्या वहीत जयंतीचा आकडाही प्रामाणिकपणे लिहा, म्हणजे समोरचा साहेब तोच मुद्दा काढून आपले तोंड बंद करू शकणार नाही.

वही म्हणजे काय, ते सांगतो. विहारात एक शंभर पानी वही ठेवायची. आवाज मोजण्याचे खरे यंत्र महाग असते, पण मोबाइलमध्ये आवाज मोजायचे ॲप फुकट मिळते. ते काही डेसिबलने चुकते, न्यायालयात पुरावा म्हणून टिकणार नाही. पण एकाच मोबाइलने, एकाच जागेवरून मोजले, तर कालपेक्षा आज किती वाढले हे ते बरोबर दाखवते. जागा उघडी हवी. जमिनीपासून चार-पाच फूट उंच, भिंतीपासून दहा-बारा फूट लांब. वारा सुटला असेल त्या दिवशी मोजू नये, वाऱ्याचाच आकडा येतो. रकाने पाच. तारीख, वेळ, किती सेकंद, सगळ्यात मोठा आकडा, आणि पाचवा रकाना: काय थांबले. शिकवणे थांबले, लेकरू उठले, वंदना थांबली, रात्रपाळीहून आलेल्या माणसाची दुपारची झोप मोडली. हा पाचवा रकाना कोणत्याही सरकारी यंत्रात नसतो, तो फक्त आपल्याला भरता येतो. विमान नसेल तेव्हाचेही दिवसातून तीनदा मोजा, सकाळी, दुपारी, रात्री. निदान सात दिवस सलग. आठवी-नववीची मुले हे काम आनंदाने करतील, त्यांचे गणितही होईल.

वहीबरोबर एक अर्ज. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ, उत्तर तीस दिवसांत. बेलोऱ्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, शिवणीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. विचारायचे एवढेच: महिन्याला उड्डाणे-उतरणी किती, त्यात शिकाऊ किती, फेऱ्या धावपट्टीच्या कोणत्या बाजूने, आवाज कुठे आणि कधी मोजला, आणि मोजला असेल तर आकड्यांची प्रत. रागाचे शब्द नकोत. प्रश्नाखाली वहीची झेरॉक्स जोडा.

यातून मागता येण्यासारखे बरेच आहे, आणि ते अवाजवी नाही. फेरी धावपट्टीच्या कोणत्या अंगाने घ्यायची हे माणसेच ठरवतात, त्यामुळे शाळेकडची बाजू टाळता येते. वेळा बदलता येतात. दक्षिण कोरियात दर नोव्हेंबरमध्ये बारावीनंतरची मोठी प्रवेश परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकून उत्तरे लिहायचा भाग चालू असताना सुमारे ३५ मिनिटे देशभरातल्या विमानांची उड्डाणे आणि उतरणी थांबवतात. हवेतली विमाने तोवर उंचावर घिरट्या घालतात. सगळा देश लेकरांसाठी अर्धा तास गप्प बसतो. अमरावतीला दहावी-बारावीच्या पेपरांच्या तीन तासांत शिकाऊ फेऱ्या नकोत, एवढी मागणी तर कोणत्याही पालकसभेत एकमताने मंजूर होईल.

ताईंच्या मुलीला आमचा निरोप सांगा. पहाटे उठायची सवय आताच लावून घे. त्या वेळी विमान नसते, टीव्ही नसतो, आजीचा खोकलाही थोडा कमी असतो. आणि ताई, तुम्ही वहीचे पहिले पान याच आठवड्यात उघडा, बडनेऱ्याच्या मालगाड्यांसकट. सात दिवसांची पाने भरली की आमच्या पत्त्यावर पाठवा. अकोल्याहूनही एखादी वही यावी अशी वाट पाहतो. आलेल्या वह्या पाचव्या रकान्यासह याच पानावर छापू.

जय भीम.